१/२४ ची बीटल घरी बांधताना: सगळा खेळ जाडीचा

प्लॅस्टिकचे पार्ट जोडून बनवायच्या गाड्यांची पहिली एक-दोन मॉडेल्स बांधून झाली की बहुतेकांना एकच प्रश्न पडतो, सगळे पार्ट नीट बसले, रंग चकाचक आला, तरी गाडी खेळण्यातली का दिसते? मलाही पडला होता आणि उत्तर सापडेपर्यंत चार किट संपली. उत्तर म्हणजे जाडी. गाडी चोवीस पटीने लहान होते पण रंग लहान होत नाही, गोंद लहान होत नाही, दोरा आणि कागद लहान होत नाही. खऱ्या गाडीवर सगळ्यात खालच्या प्रायमरपासून सगळ्यात वरच्या पारदर्शक क्लिअरपर्यंत सगळे थर मिळून साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर रंग असतो. आपण मॉडेलवर तेवढाच ०.१ चढवला आणि त्याला चोवीसने गुणलं तर २.४ मिलिमीटर होतात, म्हणजे गाडीला रंग नाही, गिलावा केल्यासारखं झालं. म्हणून खाली जे जे सांगतोय ना, घासणं, खोदणं, पातळ करणं, वाट बघणं, ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरण म्हणून तामियाची १/२४ मधली फोक्सवॅगन १३०० बीटल घेतोय, १९६६ चं मॉडेल. खरी १३०० म्हणजे १२८५ सीसी, मागे इंजिन आणि पुढे डिकी. मॉडेल झाल्यावर साधारण १७ सेंटिमीटर भरतं, तळहातावर मावतं. मी ती पिस्ता रंगात केली आणि टपावर कॅरिअर टाकून त्यावर ट्रंक आणि वळकटी बांधली, मे महिन्यात कोकणात निघाल्यासारखी. बीटल आपल्याकडे कधी बनली नाही, बाहेरून आलेल्या मोजक्याच होत्या, पण टपावर वळकटी बघितली की ती लगेच घरची वाटायला लागते.

पहिलं किट म्हणून बीटलच का? गोल बॉडी आहे, रंग छान वाहून बसतो, मोठे सपाट पत्रे नाहीत त्यामुळे चुका कमी दिसतात. आणि तामियाचे पार्ट जिथे जायचे तिथेच जाऊन बसतात. ही जपानातल्या शिझुओकाची कंपनी, १९४६ ला लाकडाच्या धंद्यात सुरू झाली आणि १९६० मध्ये प्लॅस्टिक किटकडे वळली, साच्यांच्या बाबतीत आजही यांचा हात धरणारे फार नाहीत. स्वस्त म्हणून कुठलंतरी जुनं, साचा झिजलेलं किट पहिल्यांदा घेऊ नका, अर्धा वेळ पुट्टी भरण्यात जाईल आणि नाद सुटेल.

स्केलचं गणित एकदाच डोक्यात बसवा. १/२४ म्हणजे खरा एक फूट इथे अर्धा इंच, इतकं सोपं आहे. एक मीटर म्हणजे ४१.७ मिलिमीटर. हॉट व्हील्स साधारण १/६४ ची मानतात पण तिथे प्रत्येक गाडी एकाच मापाच्या पाकिटात बसवायची असते त्यामुळे स्केल मागेपुढे होतं. १/२४ मध्ये तसं नाही, इथे तुम्ही फुटपट्टीने खरी मापं काढून स्वतःचे पार्ट बनवू शकता आणि खरी मजा तिथेच आहे.

सामान कुठून आणायचं

हॉबीच्या नावाखाली विकलं जाणारं सगळं घ्यायची गरज नाही. चाकू म्हणून सर्जिकलच्या दुकानातून ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरची ब्लेड घ्या, हॉबी नाइफपेक्षा धारदार आणि बरीच स्वस्त. फक्त ब्लेड लावताना-काढताना पक्कड वापरा, बोटांनी नको. वॉटर पेपर हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० असे एकेक घ्या. दंतवैद्याकडे वापरतात तसला बारीक टोकाचा चिमटा, रंगाचे पार्ट धरायला क्रोकोडाइल क्लिप, त्या बांबूच्या काड्यांना बांधून थर्माकोलमध्ये खोचायच्या.

तीन गोष्टी मात्र चांगल्याच घ्या. एक, पार्ट कापायचं निपर, इलेक्ट्रिशियनचं वायर कटर चालत नाही, ते प्लॅस्टिक चिरडतं आणि कडेला पांढरा डाग पडतो. दोन, पातळ सिमेंट म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा द्रव, तामियाची ती हिरव्या झाकणाची एक्स्ट्रा थिन बाटली. तीन, मॉडेलिंगची मास्किंग टेप. रंगकामाच्या दुकानातली पिवळट टेप जाड असते, तिच्या कडेला रंगाचा बांध तयार होतो, परत जाडीच आली बघा.

आणि मास्क. कापडी नको, धुळीचा पांढरा पण नको, ज्याला दोन्ही बाजूंना सॉल्व्हंटच्या वाफेसाठी कार्ट्रिज असतात तो. यात तडजोड नाही. घरात लहान मूल असेल तर रंगकाम गॅलरीत किंवा गच्चीवर.

रंगाचं काय ते आधीच ठरवा. तामियाचे टीएस स्प्रे उत्तम आहेत पण दाबाचे डबे विमानाने पाठवता येत नाहीत, म्हणून बाहेरून मागवायचे म्हटलं की अडचण, इथल्या दुकानात स्टॉक असेल तेव्हा घेऊन ठेवायचे. घेताना डब्यावर टीएस आहे ना बघा. पीएस लिहिलेले डबे रिमोट कारच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतात, ते आपल्या किटवर मारायचे नाहीत.

दुसरा मार्ग आपला देशी, ड्युको, म्हणजे गाड्यांवर फवारायचा लॅकर रंग. मी पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या रंगाच्या एका दुकानात गेलो आणि पन्नास मिली पिस्ता पाहिजे म्हटलं. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "पन्नास मिलीत टू-व्हीलरची टाकी पण होत नाही. नेमकं काय रंगवताय?" मी खिशातून बॉडी काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, दाराच्या फटीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "याच्यावर आमचा रंग जाड होईल. एकास दोन थिनर घाला, आणि थिनर साधा नको, चांगला घ्या, साधा घाणेरडा असतो, प्लॅस्टिक खातो." मग पांढऱ्यात हिरव्याचे आणि पिवळ्याचे थेंब टाकून त्यांनी स्वतः शेड काढून दिली. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं निघालं. ड्युको एअरब्रशनेच, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या बारीक गननेच मारायचा, ब्रशने अजिबात नाही, आणि आधी लग्नाच्या पंगतीतल्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघायचा. ते चमचे बऱ्याचदा पॉलिस्टायरीनचेच असतात, म्हणजे किटचंच प्लॅस्टिक. चमच्यावर बारीक तडे दिसले किंवा पृष्ठभाग लोकरीसारखा झाला तर तो थिनर बॉडीला लावू नका.

मेटॅलिक रंग मात्र गाड्यांच्या दुकानातून घेऊ नका. त्यातले अॅल्युमिनियमचे कण खऱ्या गाडीच्या मापाचे असतात, छोट्या बॉडीवर ते चमकी टाकल्यासारखे दिसतात.

धुणं, कापणं, घासणं

किट उघडलं की सगळ्या फ्रेम, म्हणजे ज्यांना पार्ट जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी, भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवून काढा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या तेलाचा अंश राहिलेला असतो आणि रंग नेमका तिथेच सुटतो. वाळल्यावरसुद्धा पार्ट फ्रेमवरून भराभर सुटे करू नका, जो लागेल तोच कापा, नाहीतर हातात आलेला बारीक दांडा नक्की कुठला हे कळायला तास जातो.

कापताना दोनदा कापायचं. पहिल्यांदा पार्टपासून लांब, मग उरलेला खुंट जवळून, आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर ब्लेडने आणि ६०० च्या पेपरने. एकदाच जवळून कापलं तर प्लॅस्टिक ओढलं जाऊन खड्डा पडतो.

आता बॉडी उजेडात धरून हळूहळू फिरवा. एक बारीक रेघ मडगार्डवरून, खांबांवरून जाताना दिसेल, ती साच्याचे दोन भाग जिथे मिळतात त्याची. खऱ्या गाडीला ती नसते आणि रंगाखाली ती अजिबात लपत नाही, उलट चकाकीत उठून दिसते. ब्लेडची धार उभी धरून खरवडा, मग ८०० ने पाणी लावून घासा. डोळ्यांपेक्षा नखाला जास्त कळतं, नख अडकलं तर अजून आहे.

यानंतरची पायरी बहुतेक नवीन लोक करत नाहीत आणि माझ्या मते सगळ्या कामात हीच सगळ्यात महत्त्वाची. दाराच्या, डिकीच्या फटी खोल करणं. खऱ्या दाराभोवतीची फट समजा ४ मिलिमीटर असेल, तर १/२४ मध्ये ती ०.१७ होते. तुम्ही दोन्ही बाजूंनी ०.०५ रंग चढवलात की फट निम्म्याहून जास्त बुजली, दार रंगवलेलं दिसतं पण उघडेलसं वाटत नाही. म्हणून रंगाच्या आधी ११ नंबरच्या ब्लेडची मागची, म्हणजे बोथट बाजू त्या खाचेतून ओढायची. जोर अजिबात लावायचा नाही, ब्लेडच्या वजनाने जाऊ द्यायचं, आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी केसासारखी प्लॅस्टिकची तार निघते. सरळ भागात सोपं आहे, दाराच्या खालच्या कोपऱ्यात वळणावर ब्लेड निसटतं, तिथे दोन्ही दिशांनी वळणापर्यंत येऊन थांबायचं, वळण स्वतंत्र काढायचं. निसटलंच तर घाबरू नका, थेंबभर सिमेंटमध्ये फ्रेमचे तुकडे विरघळवून त्याची लापशी करा, चरा भरा, दुसऱ्या दिवशी घासा. ही लापशी पुट्टीपेक्षा बरी कारण ती त्याच प्लॅस्टिकची असते, आकसून खळगा कमी पडतो आणि परत खोदता येते.

चिकटवायच्या आधी सगळं टेपने जोडून बघा. बॉडी खालच्या चासिसवर बसते का, चाकं मडगार्डला घासत नाहीत ना. गाडी खाली बसवायची असेल, म्हणजे लोअर करायची असेल, तर तेही आत्ताच. एका मिलिमीटरने खाली आणली तर खऱ्या गाडीत २४ मिलिमीटर, इंचभर. दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका, चाक कमानीत घुसून गाडीचा आकारच बिघडतो. माझ्या गाडीच्या टपावर ओझं असल्यामुळे मी फक्त मागची बाजू अर्ध्या मिलिमीटरने बसवली. एवढ्याशा फरकाने वळकटीला वजन आलं.

सिमेंट लावायची पद्धत: दोन पार्ट आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं, द्रव आपोआप आत पळतो. ते प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, म्हणून पुसायचं नाही, पुसलं की बोटाचा ठसा कायमचा. क्रोमच्या पार्टना आणि रंगवलेल्या जागांना सिमेंट धरत नाही, चिकटवायच्या जागी खरवडून खालचं प्लॅस्टिक उघडं करा. काचांना फेव्हिकॉल किंवा त्यासारखा पांढरा गोंद. इन्स्टंट गोंदाच्या वाफेने काचेवर पांढरी झाक येते आणि ती सहज निघत नाही.

प्रायमर आणि रंग

प्रायमर म्हणजे मिस्टर हॉबीचा सरफेसर १००० किंवा १२००, पातळ एक-दोन हात. याचं खरं काम तपासणीचं. राखाडी झाल्यावर राहिलेली प्रत्येक रेघ, प्रत्येक चरा दिसायला लागतो. घासा, परत हलका हात मारा. मग १५०० ने पाण्यात नुसता हात फिरवा. पिस्त्यासारख्या फिक्या रंगाखाली प्रायमर पांढरा पाहिजे, राखाडीवर मारलात तर रंग उठावा म्हणून दोन हात जास्त मारावे लागतील आणि पुन्हा जाडी वाढली.

रंग थोडा फिका ठेवा. छोटी वस्तू तोच रंग असूनही गडद दिसते, म्हणून मूळ शेडमध्ये पांढऱ्याचे काही थेंब. किती ते चमच्यावर बघून ठरवा, दिवसाच्या उजेडात, ट्यूबखाली नाही.

आता स्प्रेचा डबा असेल तर तो आधी दहा मिनिटं हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात उभा ठेवा, ४० अंशाच्या वर नाही आणि गॅसवर तर कधीच नाही. आतला दाब वाढतो, रंग बारीक फुटतो. दोन मिनिटं जोरात हलवा. पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेर जाऊन सोडायचा, गाडीवर बटण दाबलं की थेंब पडलाच. पहिला हात इतका हलका की खालचा पांढरा दिसत राहिला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, थोडा भरून. तिसरा ओलसर, चकाकी दिसेल इतका, आणि थांबा. तिसऱ्यानंतर हात शिवशिवतो अजून एक मारायला, तो मारायचा नाही.

एअरब्रश असेल तर ०.३ ची नोझल, १५ ते २० पीएसआय, रंग दुधासारखा पातळ, कपाच्या कडेवरून ओघळला की मागे पातळ पापुद्रा राहावा इतका. एअरब्रशचा मोठा फायदा हाच की निम्म्या रंगात काम होतं. दोन-तीन किट झाल्यावर घ्याच.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. मी पहिली बीटल जुलैत रंगवली होती, ठाण्याला, बाहेर रिपरिप चालू. रंग मारला तेव्हा सुंदर दिसत होता आणि दहा मिनिटांत सगळ्या टपावर दुधट साय आली. मला वाटलं रंग खराब निघाला, घाईने वर अजून एक हात मारला आणि ती साय आतच कोंडली, शेवटी सगळा रंग उतरवावा लागला. झालेलं असं की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर धरतं. नुसता वरचा दुधटपणा असेल तर वर रंग नाही, सावकाश उडणारं लेव्हलिंग थिनर अगदी हलकं फवारायचं, खालचा थर परत ओला होतो आणि पाणी निघून जातं. पण खरा उपाय म्हणजे त्या दिवशी रंगवायचंच नाही. दोनतीनशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं यंत्र टेबलावर ठेवा, ७० च्या वर असेल तर घासकाम करा, आतलं काम करा. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर मी बॉडीचा ग्लॉस मारतच नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत सकाळी दहा ते बारा सगळ्यात छान, दव उडालेलं असतं आणि वारा सुटलेला नसतो.

रंगाच्या वेळी जवळपास गॅस, उदबत्ती, देवघरातली समई काही पेटतं नको. धूळ बसावी म्हणून आधी फरशीवर ओलं फडकं मारा, फॅन बंद. रंग झाला की गाडी लगेच मोठ्या डब्याखाली झाकायची, आमच्याकडे पोह्यांचा जुना डबा आता याच कामाला आहे. उरलेलं थिनर मोरीत ओतू नका, झाकणाच्या डब्यात साठवा, ब्रश-एअरब्रशची पहिली धुणी त्यातच होते.

आणि एकावर एक रंग मारायचा क्रम: खाली लॅकर, वर अॅक्रेलिक, सगळ्यात वर इनॅमल. इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा रंग सुरकुततो.

वाळला का हे बोटाने नाही, नाकाने बघायचं. डब्याचं झाकण उघडून वास घ्या, थिनरचा वास येतोय तोवर आत अजून ओला आहे. हिवाळ्यात आठवडा धरा. मग क्लिअर, तसेच तीन हात, परत आठवडा. टूके क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, काचेसारखा येतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, घरच्या गॅलरीत मी ते वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लिअर कडक झाला की २००० च्या पेपरने पाण्यात, साबणाचा एक थेंब टाकून, फक्त संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा जाईपर्यंत. मग तामियाचं पॉलिशचं कंपाउंड, लाल, निळं, पांढरं या क्रमाने. कडांवर, दाराच्या फटींच्या ओठांवर घासायचं नाही, रंग तिथेच सगळ्यात पातळ असतो आणि दोन फिरकीत प्रायमर दिसतो. मी घासायच्या आधी त्या कडांवर टेपची दोन मिलिमीटरची पट्टी लावतो आणि शेवटी काढून नुसतं पांढरं कंपाउंड फिरवतो.

फटींमध्ये आता गडद रंग सोडायचा, पातळ इनॅमल, क्लिअरवरूनच, उघड्या प्लॅस्टिकवर सोडलं तर प्लॅस्टिक तडकू शकतं. काळा नको. पिस्ता गाडीला गडद हिरवट करडा, पांढरीला करडा. काळ्या फटी म्हणजे पेनाने काढलेलं चित्र.

क्रोम

बीटलच्या कुशीवरून जाणारी चकचकीत पट्टी, काचांच्या कडा, यांना चंदेरी रंग ब्रशने लावला की गाडी गेली. बेअर मेटल फॉइल वापरा, मागे गोंद असलेली अतिशय पातळ धातूची पत्री असते. पट्टीपेक्षा थोडा रुंद तुकडा कापायचा, टेकवायचा, दातकोरणीने कडेकडेने दाबत जायचं म्हणजे खालचा उंचवटा वर उमटतो, आणि अगदी नवीन ब्लेडने दोन्ही कडांनी चिरायचं. नवीन म्हणजे खरंच नवीन, चार वेळा कापलेलं ब्लेड पत्री फाडतं आणि मग तुम्ही जोर लावता आणि रंगात चर पडते. बारीक ठिकाणी, दाराची कडी, दिव्याची कडी, तिथे मोलोटोचं क्रोम मार्कर, लावल्यावर दोन दिवस हात नाही लावायचा.

किटसोबत आलेले क्रोमचे पार्ट फारच आरशासारखे वाटत असतील तर ते क्रोम घरच्या ब्लीचमध्ये काही तासांत उतरतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी, आणि त्या ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आतली बाजू पटकन

काचेतून फारसं दिसत नाही म्हणून इथे जीव काढू नका. जमिनीवर गालिचा हवा तर ओल्या रंगावर खायचा सोडा चाळणीने भुरभुरवा, वाळल्यावर परत रंग. सीटला मॅट किंवा अर्धमॅट, चकाकी नको. डायलवर क्लिअरचा एक थेंब सोडला की काच बसवल्यासारखी दिसते. टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते, ती ४०० ने घासली की रबर वापरलेलं दिसतं, या पाच मिनिटांच्या कामाने फार फरक पडतो.

कॅरिअर, ट्रंक, वळकटी

कॅरिअरचा पाइप खरा साधारण २० ते २५ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्याला ०.८ ते १ मिलिमीटरची तार हवी. घरच्या वायरिंगची एक स्क्वेअर एमएमची सिंगल तार १.१३ ची असते, बाहेरच्या चौकटीला ती चालून जाते, आडव्या दांड्यांना अजून बारीक घ्या. तार सरळ करायची युक्ती, एक टोक पकडीत, दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि हळूच ओढायची, किंचित ताणली गेली की सुतासारखी सरळ होते. चौकट कागदावर काढा, कागद थर्माकोलवर टाचण्यांनी बसवा आणि त्या रेषांवर तारा ठेवून जोडा. डाग देता (सोल्डरिंग करता) येत असेल तर उत्तम, नाहीतर इन्स्टंट गोंदाचा सुईच्या टोकाएवढा थेंब. जोडावर गोंदाची गाठ दिसली तर घासून काढा.

ट्रंक ९०० बाय ५०० बाय ३०० मिलिमीटरची धरली तर ३७.५ बाय २१ बाय १२.५ होते. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटची पेटी करा, झाकणाच्या कडेला शीटची बारीक पट्टी, पुढे कडीसाठी तारेचा तुकडा. रंग पोपटी, निळा किंवा नुसता पत्रा, कोपऱ्यांना थोडा गंज.

वळकटीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी कापडाची करून बघितली, पातळ मलमल घेतली तरी तिचा धागा सतरंजीच्या सुतळीएवढा दिसत होता. मग टिश्यू पेपर घेतला, त्याचे पदर सुटे करून फक्त एकच पदर. फेव्हिकॉलमध्ये तिप्पट पाणी घालून तो पदर भिजवला, दातकोरणीवर सैल गुंडाळला, टोकांना आत दुमडला आणि ओला असतानाच दोन ठिकाणी दोऱ्याने आवळला. आवळल्यावर मधे जो फुगवटा येतो आणि पट्ट्याजवळ चुण्या पडतात ना, त्या आपोआप पडतात, हाताने करता येत नाहीत. वाळल्यावर खाकी रंग आणि चुण्यांमध्ये पातळ तपकिरी. पट्टे मास्किंग टेपचे, पाऊण मिलिमीटर रुंद. दोऱ्याची लव निघते ती बघा, खऱ्या मापात ती काथ्यासारखी दिसेल, म्हणून दोरा आधी मेणावरून किंवा फेव्हिकॉलच्या बोटातून ओढून घ्यायचा.

सामान कॅरिअरवर बांधताना दोरी खरोखर खालून वरून घालून आवळा, नुसती वर चिकटवू नका. दोरी जिथे ट्रंकेच्या कडेवर वळते तिथे ताण दिसला पाहिजे.

धुळीसाठी मी आधी गावची लाल माती वस्त्रगाळ करून वापरली, तरी तिचे कण खडीएवढे दिसत होते. आता तपकिरी-तांबड्या पेस्टल खडूची पावडर पेपरवर घासून घेतो आणि कोरड्या मऊ ब्रशने चाकांच्या कमानीत, मागच्या बंपरखाली, टायरच्या कडांना लावतो. दारांच्या वर धूळ नको, गाडी एकदाच घाट उतरून आलीय, शेतात पडलेली नाही. आधी त्या जागेवर मॅट क्लिअरचा हलका फवारा असेल तर पावडर धरते, ग्लॉसवर ठरत नाही.

सगळ्यात शेवटी नंबरप्लेट. खरी लांब पाटी ५०० बाय १२० मिलिमीटर धरली तर २१ बाय ५ मिलिमीटर. गाडी जुनी आहे म्हणून काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, खासगी गाड्यांना तेव्हा तशाच असायच्या. कॉम्प्युटरवर करून फोटो पेपरवर प्रिंट काढा, मग कोपऱ्यातून मागचा कागद सोलून काढा, नुसता वरचा पापुद्रा राहिला पाहिजे. पट्टीला धरून नवीन ब्लेडने कापा. कापल्यावर चारी कडांना कागदाचा पांढरा काठ दिसतो, तो काळ्या मार्करच्या टोकाने भरून घ्या आणि मगच बंपरवर लावा.